राखाडी होण्याआधीचे रंग

वखारीत नुकतीच चिरलेली सागाची फळी पाहून नवख्या गिऱ्हाइकाचा हिरमोड होतो. सोनेरी तपकिरी सागवान मनात धरून तो आलेला असतो आणि समोर येते ती हिरवट, मातकट, मधूनच काळपट पट्टे ओढलेली फळी. मुरलेला सुतार अशा फळीला नावे ठेवत नाही. रंधा मारून तो ती उन्हात उभी करतो. काही दिवसांत हिरवट झाक उडते, पट्टे एकमेकांत मिसळू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओळखीचा मधाळ रंग वर येतो. याच फळीचा अर्धा तुकडा उघड्या गॅलरीच्या कठड्याला लागला, तर दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो चांदीसारखा राखाडी दिसतो. उरलेला अर्धा घरातल्या कपाटाला लागला, तर पन्नास वर्षांनी गडद, तांबूस तपकिरी. फळी एकच, रंग तीन.

या तीन रंगांमागे दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली उजेडाची आणि हवेची. ती लाकडात नवा रंग तयार करते. दुसरी पाण्याची, ती तयार झालेला रंग धुऊन नेते. लाकडापर्यंत पाऊस पोहोचतो की नाही, एवढ्या एका गोष्टीवर पुढचे बरेचसे ठरते. जातीजातींतला फरक पहिल्या क्रियेत ठळक दिसतो. दुसरीत तो पुसला जातो.

रंग असतो कुठे

लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग सेल्युलोजचा. सेल्युलोज पांढरे असते. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोजच. त्याच्या जोडीला हेमिसेल्युलोज आणि या दोहोंना घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन. स्लॅबमधल्या सळया म्हणजे सेल्युलोज आणि सळयांभोवतीचे काँक्रीट म्हणजे लिग्निन, ही नेहमीची तुलना बऱ्यापैकी चपखल आहे. लिग्निनचे प्रमाण जातीनुसार साधारण २० ते ३० टक्के भरते; देवदार, पाइन अशा सूचिपर्णी झाडांत ते वरच्या टोकाकडे झुकते.

मात्र साग आणि शिसव यांचे रंग वेगळे का, याचे उत्तर या तिघांत सापडत नाही. ते उरलेल्या थोड्या टक्क्यांत आहे. टॅनिन, रंगद्रव्ये, राळ, तेले अशा या पदार्थांना एकत्रितपणे अर्कद्रव्ये म्हणता येईल, कारण पाण्यात किंवा अल्कोहोलात उकळले की ती अर्कासारखी उतरतात. झाड जाड होत जाते तसा खोडाचा आतला भाग पाणी वाहून नेण्याच्या कामातून मोकळा होतो. तिथल्या पेशी मरण्यापूर्वी ही द्रव्ये तयार करून ठेवतात. बुरशी आणि किडीविरुद्धची ती झाडाची तजवीज असते, आणि तीच लाकडाचा रंगही ठरवते. हा झाला गाभा. सालीलगतच्या जिवंत लाकडात ही द्रव्ये साठलेली नसतात, म्हणून ते साग असो, शिसव असो की खैर असो, पांढरटच दिसते आणि लवकर किडते. गाभा आणि हे पांढरे लाकूड यांच्यातली सीमा शिसवीच्या ओंडक्यावर इतकी स्पष्ट असते, की कुणी पेन्सिलीने आखल्यासारखी वाटावी.

अर्कद्रव्ये काही जातींत इतकी असतात की तेवढ्यासाठीच ते लाकूड तोडले जाते. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला कात कोकणातल्या कातभट्ट्यांतून पानाच्या ठेल्यापर्यंत जातो. फणसाच्या गाभ्यातला मोरिन नावाचा पिवळा रंग श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत भिक्षूंची चीवरे रंगवण्यासाठी वापरला जात असे. पतंगाच्या लाकडातले द्रव्य तर मुळात जवळजवळ रंगहीन. हवेतला प्राणवायू मिळाला की ते लाल होते. सागात किनोन वर्गातली द्रव्ये आहेत, रबरासारखा एक पदार्थ आहे आणि वाळूच्या जातीची सिलिकाही आहे. सागावर काम करताना रंध्याचे पाते लवकर बोथट होते ते या सिलिकामुळे, आणि रंधताना चामड्यासारखा वास येतो तो या तेलकट द्रव्यांचा.

उजेडाचे काम

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लाकडावर पडले की त्यांतले बहुतेक लिग्निन शोषून घेते. सेल्युलोजला त्यांची फारशी झळ लागत नाही. शोषलेल्या ऊर्जेने लिग्निनचे बंध तुटतात, तुटलेली टोके हवेतल्या प्राणवायूशी जोडली जातात आणि पिवळी-तपकिरी संयुगे तयार होतात. खिडकीत विसरलेले वर्तमानपत्र दोन दिवसांत पिवळे पडते ते याच कारणाने: स्वस्त कागदात लाकडाचे लिग्निन तसेच राहिलेले असते. ज्या कागदातून ते काढून टाकलेले असते तो पांढराशुभ्र राहतो.

हे सगळे घडते फार उथळ थरात. अतिनील किरण लाकडात सुमारे ७५ मायक्रॉनपर्यंत शिरतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढे. दृश्य प्रकाश थोडा खोल, २०० मायक्रॉनच्या आसपास जातो. त्याखालचे लाकूड शंभर वर्षांनीही उजेडापुरते कोरेच असते.

खिडकीची काच आखूड लहरींचे अतिनील किरण अडवते, लांब लहरींचे बरेचसे सोडते. त्यामुळे घरातले लाकूडही बदलतच असते. वर्षानुवर्षे कपाटाच्या दारावर टांगलेले कॅलेंडर काढले की खाली फिकट चौकोन उमटलेला दिसतो. पुसून, घासून, पॉलिश करून तो जात नाही, कारण तो डाग नसतो. आजूबाजूचे लाकूड गडद झालेले असते आणि तेवढा भाग मागे राहिलेला असतो. कॅलेंडर दुसरीकडे टांगावे आणि चौकोनाला उजेड खाऊ द्यावा, हा त्यावरचा सोपा इलाज.

लिग्निनचे पिवळे पडणे सर्व लाकडांत सारखे. अर्कद्रव्ये मात्र प्रत्येक जातीची वेगळी, आणि उजेडात त्यांतली काही गडद होतात, काही उडून जातात. या दोन बदलांच्या ओढाताणीतून प्रत्येक जातीची स्वतःची वाटचाल ठरते. ढोबळ नियम असा, की फिकट लाकूड गडद होते आणि फार गडद लाकूड फिकटते.

फणसाइतके नाट्य फार थोड्या लाकडांत आहे. ताजे चिरलेले फणसाचे लाकूड गऱ्यासारखे पिवळे असते. काही महिन्यांत पिवळेपणा तपकिरीकडे कलतो आणि घरात वापरलेले लाकूड काही दशकांत महोगनीची आठवण व्हावी असे तांबूस गडद होते. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाचे पाट, देव्हारे, दारे सापडतात. त्यांतली जुनी दारे सागाची समजली जातात ती बरेचदा फणसाची निघतात. हेदू किंवा हळदू हा पिवळ्यांतला दुसरा. हळदीचे नाव मिरवणारा त्याचा रंग उजेडात टिकत नाही, काही काळात तो भुरकट तपकिरी होऊन बसतो. बिवळ्याचा गाभा सोनेरी तपकिरीतून गडद होतो. त्याचा नातलग अंदमानचा पडाक ताजा असताना इतका लालभडक असतो की रंगवल्याचा संशय यावा. उजेडात तो तांबूस तपकिरी होतो आणि तसाच राहतो.

शिसव उलट दिशेने जाते. नव्या शिसवीत जांभळी छटा आणि काळ्या रेषा यांचा जो खेळ असतो, त्यातला जांभळा आधी उतरतो. खिडकीसमोर ठेवलेल्या शिसवी पलंगाची उजेडाकडची बाजू काही वर्षांत नुसती तपकिरी दिसू लागते आणि भिंतीकडची बाजू जुना रंग धरून असते. अमेरिकेतले काळे अक्रोडही असेच फिकटते, आणि त्याच देशातले चेरी काही महिन्यांतच गुलाबी फिकटपणा सोडून लालसर गडद होते. एकाच टेबलात ही दोन लाकडे वापरली, तर सुरुवातीचा ठळक विरोध वर्षागणिक कमी होत जातो. दक्षिण अमेरिकेतल्या पर्पलहार्टचा प्रवास तर दोनदा वळण घेतो: चिरल्याबरोबर मळकट तपकिरी, काही दिवसांत जांभळा, आणि वर्षे लोटली की पुन्हा तपकिरी.

काही बदलांना उजेडही लागत नाही. युरोपातील आल्डर झाड तोडल्यावर त्याचा पांढरा काप तासाभरात नारिंगी-लाल होतो. कापलेले वांगे काळे पडते त्याच प्रकारची ही क्रिया आहे; हवा लागली की पुरते. अंधारातही हवेचे काम संथपणे चालू असते. म्हणून वाड्याच्या माजघरातल्या तुळया, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे, त्या गडद झालेल्या दिसतात. अर्थात तिथे चुलीच्या धुराचाही मोठा वाटा असतो आणि दोन्ही वेगळे काढणे सोपे नसते.

बदलाचा वेग सुरुवातीला जास्त आणि पुढे मंद, ही गोष्ट कामाच्या दृष्टीने महत्त्वाची. जुन्या चौकटीला नवे दार बसवताना रंग देऊन ते हुबेहूब जुळवले, तर त्या दिवशी मालक खूश होतो. पण चौकटीचा रंग स्थिरावलेला असतो आणि दार अजून गडद व्हायचे असते. वर्षभराने दार चौकटीच्या पुढे निघून जाते. जाणता कारागीर म्हणून दार मुद्दाम थोडे फिकट ठेवतो आणि मालकाची बोलणी ऐकून घेतो.

पागोळीच्या आत आणि बाहेर

उजेडाने तयार झालेली तपकिरी संयुगे पाण्यात विरघळतात. पाऊस लागला की ती वाहून जातात. नव्या दारा-कठड्यांखालच्या फरशीवर पहिल्या पावसात चहा सांडल्यासारखे डाग पडतात. त्यांत अर्कद्रव्ये असतात आणि मोडलेले लिग्निनही. ऊन पुन्हा वरच्या थरातले लिग्निन मोडते, पाऊस पुन्हा ते धुतो. असे होत होत पृष्ठभागावर उरते ते मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे पांढरट तंतू. उन्हापावसातले लाकूड ‘पांढरे पडते’ असे म्हणतात ते शब्दशः खरे आहे.

त्यावर राखाडी रंग चढवण्याचे काम मात्र बहुतेक ठिकाणी सजीवांचे. ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स नावाची बुरशी जगभर उघड्या लाकडावर सापडते. लिग्निनच्या मोडतोडीतून निघालेल्या पदार्थांवर आणि साखरांवर ती जगते आणि तिचे काळे सूक्ष्म ठिपके पांढऱ्या तंतूंत विखुरले की डोळ्याला राखाडी दिसते. ठिपके सारखे पसरले तर चंदेरी छटा, ओल टिकून राहिली तर काळे चट्टे. ही बुरशी लाकूड कुजवत नाही; तिचा सगळा कारभार वरच्या थरापुरता.

ऊन मिळते पण पाऊस लागत नाही अशा ठिकाणी काय होते, हे आल्प्समधल्या जुन्या लाकडी घरांवर ठळकपणे दिसते. वळचणीखालच्या फळ्या भाजल्यासारख्या काळपट तपकिरी असतात, कारण तयार झालेला रंग धुतला जात नाही; तीच भिंत खाली, पाऊस पोहोचतो तिथे, राखाडी असते. त्यासाठी आल्प्सपर्यंत जायची गरज नाही. कोकणातल्या कौलारू घराचे जुने दार जवळून पाहिले तरी तिन्ही अवस्था एकाच फळीवर वाचता येतात. वरचा भाग पागोळीच्या आत, तिथे लाकूड गडद तपकिरी आणि गुळगुळीत. मधल्या भागाला झड लागते; तिथे रंग राखाडी आणि शिरा उठून आलेल्या. तळाशी, अंगणातले पाणी उसळून लागते त्या वीतभर पट्ट्यात, हिरवे शेवाळ आणि बोटाने खरवडले तर सुटणारे मऊ तंतू. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या झडीमुळे पश्चिमेचे दार पूर्वेच्या दाराहून आधी पांढरे पडते. पावसाळ्यापूर्वी त्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधण्याची पद्धत मातीच्या भिंती वाचवण्यासाठी होती; लाकूडही त्यातच वाचत असे.

रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्याला ७०० च्या आसपास. पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याची कोरीव सागवानी दर्शनी बाजू १९ व्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्यासारखे काम किनारपट्टीवर उघडे ठेवायला कुणी सहसा धजावत नसे. किनाऱ्यावर सारे लाकूडकाम ओटी-पडवीच्या आत सरकते आणि छपराची उतरण खाली ओढली जाते.

पाण्याचे दुसरे काम तोडफोडीचे. लाकूड भिजले की फुगते, वाळले की आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. ओल्या सागाची पूर्ण वाळवण होईपर्यंत वलयांच्या कडेने तो सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत नगण्य. सागाचे हे आकडे बऱ्याच कठीण लाकडांहून कमी आहेत. दारे-खिडक्यांना सागच हवा, हा हट्ट त्यातूनच आला. पावसाची सर पडून गेली आणि लगेच ऊन आले, की फळीची वरची कातडी वाळून आखडते आणि आतला भाग फुगलेलाच असतो. बारीक चिरा पडतात त्या अशा वेळी. चिरांत पाणी मुरते आणि पुढच्या उन्हात त्या थोड्या अधिक रुंदावतात.

मोडलेले तंतू वाऱ्या-पावसाने झडत जातात. समशीतोष्ण हवेत सूचिपर्णी लाकूड शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर झिजते, घट्ट रुंदपर्णी लाकूड सुमारे ३ मिलिमीटर. झीज घनतेवर अवलंबून असते, टिकाऊपणावर नव्हे. उत्तर अमेरिकेतला वेस्टर्न रेड सिडार कुजण्याला सहजासहजी दाद देत नाही, तरी हलका असल्यामुळे झिजतो मात्र भराभर. एकाच फळीतही हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला मऊ भाग आधी झडतो आणि नंतरचा कठीण भाग उभा राहतो. शिरा उठतात त्या यामुळे.

राखाडी म्हणजे कुजलेले नव्हे

दहा-वीस पावसाळे खाल्लेल्या साग, ऐन आणि फणसाच्या फळ्या शेजारी ठेवल्या तर लांबून कोणती कोणाची हे सांगणे अवघड. ओळख पटवायची तर फळी हातात घेऊन वजन पाहावे लागते, किंवा रंधा लावावा लागतो. पाडलेल्या वाड्याचे लाकूड विकत घेणारा वखारवाला हेच करतो. धुळीने आणि पावसाने मेलेली वाटणारी तुळई तो आडवी टाकतो, कोपऱ्यावर रंध्याचा एक हात मारतो. पहिली ढलपी राखाडी निघते, दुसरी अर्धी सोनेरी, तिसरी पूर्ण सोनेरी, आणि चामड्यासारखा वास सुटतो. दीडशे वर्षांचा राखाडीपणा दोन ढलप्यांत संपलेला असतो. उजेड वरच्या पातळ थरापलीकडे जात नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा प्रयोगशाळेतही मिळणार नाही.

आंब्याच्या फळीवर हाच प्रयोग फसतो. तीही तितकीच राखाडी दिसते, पण रंधा मारला तर आत निळसर डाग, भुंग्याने पाडलेली भोके आणि भुसा. रंग सारखा, आतली स्थिती वेगळी. भारतात लाकडाचा टिकाऊपणा मोजण्यासाठी ठरावीक मापाचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि वाळवी-बुरशीने ते किती महिन्यांत खाल्ले जातात ते पाहतात. सागाचा गाभा दहा वर्षे आणि त्याहून जास्त टिकणाऱ्या पहिल्या वर्गात येतो. आंबा पाच वर्षांच्या आत संपणाऱ्या तिसऱ्या वर्गात. कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला लाकडात पुरेशी ओल लागते. ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर आंब्याचे लाकूडही घरात वर्षानुवर्षे टिकते. घाईने वाढवलेल्या लागवडीच्या सागाबाबत इथे एक इशारा हवा. कोवळ्या झाडात पांढरे लाकूड जास्त आणि गाभ्यात अर्कद्रव्ये कमी. जात तीच असली, तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या वयस्क झाडाचा वकूब त्यात नसतो, आणि पॉलिशखाली हा फरक बेमालूम झाकला जातो.

पाऊस आणि ऊन या दोघांना बाहेर ठेवले तर लाकूड किती टिकते, याचे उत्तर मावळात आहे. भाज्याच्या लेण्याचा दर्शनी भाग मुळात लाकडाचा होता. आज तिथे खडकात खाचा आणि भोके तेवढी दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले ते लाकूड केव्हाच गेले. मात्र आत, चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या अजून आहेत. कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात तर त्यांची रांगच्या रांग दिसते, काळपट तपकिरी, सुमारे दोन हजार वर्षे जुनी. खडक तोच, डोंगर तोच. पाच-दहा हातांच्या अंतराने एक लाकूड मातीला मिळाले आणि दुसरे राहिले.

काळे अश्रू

उघड्या लाकडावर खिळ्यांच्या खाली काळ्या ओघळांच्या रेघा दिसतात त्या गंजाच्या नव्हेत. गंज तांबडा असतो. लाकडातले टॅनिन आणि लोखंड ओलीत भेटले की निळा-काळा रंग तयार होतो. ऐन, बाभूळ, खैर अशा टॅनिन भरपूर असलेल्या लाकडांत तो गडद उतरतो, युरोपातल्या ओकमध्येही. कलमकारीतला काळा रंग याच रसायनाचा: कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि मग त्यावर लोखंड व गुळाच्या आंबवलेल्या पाण्याने रेखाटतात. हिरडा आणि ऐन एकाच वंशातली झाडे, तेव्हा दोन्हींकडे काळा रंग तोच निघावा यात नवल नाही. हजारो वर्षे दलदलीत बुडालेले ओकचे ओंडके शाईसारखे काळे निघतात ते पाण्यातल्या लोखंडामुळेच. दारावरचे ओघळ ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने निघतात, पण खिळा तोच राहिला तर पुढच्या पावसाळ्यात परत येतात.

ओकची आम्ले उलट लोखंडालाही खातात. सागाबाबत ही तक्रार बरीच कमी, आणि इंग्रजांच्या आरमाराला मुंबईत बांधलेली सागवानी जहाजे पसंत पडली त्यात याचा मोठा भाग होता. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही तरंगते आहे.

तेल, गेरू, वार्निश

उन्हापावसापासून लाकूड वाचवायचे तर दोन्ही शत्रूंना अडवावे लागते, आणि बहुतेक लेप एकालाच अडवतात. पारदर्शक वार्निश पाणी थोपवते, पण उजेड सरळ आरपार जातो. खालचे लिग्निन मोडते, वार्निशची पकड सुटते आणि एक-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. पारदर्शक लेप लावलेले नवे दार पहिल्या वर्षी सर्वांत सुंदर आणि तिसऱ्या वर्षी सर्वांत दरिद्री दिसते ते यामुळे. लाखेचे पॉलिश तर घराबाहेर चालतच नाही. पाणी लागले की पांढरे पडते. जवसाचे तेल काही काळ ओल रोखते, पण बुरशीला ते खाद्य म्हणूनही आवडते, आणि दमट हवेत नुसत्या तेलाने माखलेली फळी चंदेरी होण्याऐवजी काळी होते.

किनाऱ्यावर होड्यांना उंडीचे तेल लावतात. काजूच्या टरफलांचे काळपट तेलही लाकडाला दिले जाते. ते हातांना पोळते, म्हणून जपून लावावे लागते. पण त्याचा गडद थर उजेड अडवतो आणि वाळवीलाही ते सोसत नाही. गेरूची कामगिरी त्याहून पक्की. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि ते अतिनील किरण लाकडापर्यंत पोहोचूच देत नाही. स्वीडनमधली लाल लाकडी घरे फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या अशाच लोहयुक्त मातीने रंगवलेली असतात. नॉर्वेत १२ व्या शतकातले बोर्गुंडचे लाकडी चर्च पाइनच्या डांबराचे हात पुन्हा पुन्हा देऊन टिकवले आहे. त्यामुळेच ते राखाडी न दिसता काळपट तपकिरी दिसते.

भट्टीत १६० ते २३० अंशांपर्यंत तापवून टिकाऊ केलेले लाकूड अलीकडे बाजारात आले आहे. ते आतपर्यंत तपकिरी असते, त्यामुळे रंग पक्का असेल असा समज होतो. कुजण्याला ते खरोखर टक्कर देते. पण उघड्यावर ठेवले तर तेही इतरांसारखेच राखाडी होते. प्लायवूडवर चिकटवलेल्या सागाच्या पापुद्र्याचे दुखणे निराळे. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. उजेडाने आणि ओलीने त्याचा रंग गेला, तर रंध्याचा प्रश्नच येत नाही. काचपेपरचे चार हात जास्त पडले की साग संपतो आणि खालचे पांढरे लाकूड दिसू लागते.